मंगळवार की शुक्रवार? : दिनविशेष लिहिणाऱ्याचे मनोगत

अध्यक्षमहोदय, मंडळाचे ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

मंडळाचा रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम गेली साडेतीन वर्षे माझ्याकडे आहे. एक शब्द, एक रंजक माहिती आणि त्या दिवसाच्या जयंत्या-पुण्यतिथ्या एवढाच त्याचा ऐवज असतो. तरीही आजची, म्हणजे २९ फेब्रुवारी २०२० ची नोंद लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की या तारखेचे पान माझ्या हातून पहिल्यांदाच उघडले जात आहे.

या तारखेला जन्मलेली माणसे थोडी, पण त्यांतल्या दोघांची गाठ मोठी चमत्कारिक आहे. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. शतकपूर्तीचे वर्ष चारशेने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष धरायचे, या नियमामुळे १९०० साली हा दिवस उगवलाच नाही आणि मोरारजींना जन्मतारखेचा पहिला वाढदिवस आठ वर्षे पूर्ण झाल्यावर, १९०४ मध्ये मिळाला. नेमक्या त्याच दिवशी मदुराईत रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. पुढे १९७७ मध्ये पंतप्रधान झालेल्या मोरारजींनी त्यांना राष्ट्रपतिपदाबद्दल विचारले आणि ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेच्या या संस्थापिकेने नकार दिला. मोरारजी मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झालेला गोळीबार ज्या घरांत अजून आठवला जातो तेथे मोरारजींचे नाव आजही सहजपणे घेतले जात नाही, याची मला जाणीव आहे. तरी नावडते म्हणून एखादे नाव जयंतीच्या यादीतून गाळणे मला मान्य नाही.

आजचा शब्द मी ‘निज’ हा घेतला आहे, कारण यंदा आश्विन अधिक आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी तोकडे. ही तूट साठत साठत सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते. ज्या चांद्रमासात सूर्याचे एकही संक्रमण, म्हणजे नव्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक मास. त्याला पुढच्या महिन्याचे नाव उसने मिळते आणि त्या नावाचा खरा धनी असलेला, पाठोपाठ येणारा महिना ‘निज’ म्हणून ओळखला जातो. निज म्हणजे स्वतःचा. झोपेच्या निजेशी त्याचे नाते नाही. मागे एका सभासदाच्या मुलीने मला विचारले होते, “काका, महिने बाराच असतात, मग दुष्काळात तेरावा आला कुठून?” तो येथून आला. अन्न पुरत नसताना वर्षच एका महिन्याने लांबावे, ही त्या म्हणीतली खरी धास्ती आहे आणि पंचांग न पाहणाऱ्याला ती कळणे कठीण आहे.

आता माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याविषयी. दहा दिवसांपूर्वी, १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीची नोंद करताना मी संगणकाची दिनदर्शिका १६३० पर्यंत मागे नेली, तेथे दिसलेला वार उतरवला आणि महाराजांचा जन्म मंगळवारी झाला असे लिहून मोकळा झालो. तासाभरात एका ज्येष्ठ सभासदांचा दूरध्वनी आला. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार घटनांच्या जुन्या नोंदीत, ‘शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार’ असे स्वच्छ लिहिलेले असताना मंगळवार कोठून आणलात, असा त्यांचा रोकडा सवाल होता. (महाराजांचा जन्म वैशाखातला मानणाऱ्या तिथीचा जुना वाद मी येथे मुद्दाम काढत नाही.)

शकावली बरोबर होती आणि संगणकाचे गणितही चुकलेले नव्हते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कालगणना सुधारली तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी मात्र ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. शिवकाळातील तिथींच्या ज्या इंग्रजी तारखा आपल्याकडे रूढ आहेत त्या जुन्या, ज्युलियन गणनेच्या आहेत, आणि संगणक मागे मोजत जातो तो नव्या, ग्रेगोरियन गणनेने. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे जुना १९ फेब्रुवारी १६३० हा नव्या गणनेने १ मार्च ठरतो, आणि त्या दिवसाचा वार काढला की शुक्रवारच येतो. १६३० हे लीप वर्ष असते तर तो दिवस आजच्या तारखेवर, २९ फेब्रुवारीवर, आला असता. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही असाच जुना. नव्या गणनेने तो १६ जून.

गंमत अशी की आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो आणि पाळतो तारखेने. तिथी संस्कृतातली, तारीख अरबीतून आलेली, आणि दोन्ही आपल्या तोंडी इतक्या रुळल्या आहेत की एकीच्या जागी दुसरी कधी येऊन बसली ते कळतच नाही.

त्या दूरध्वनीनंतर मी कामाची पद्धत बदलली आहे. १७५२ पूर्वीची घटना असेल तर शक, मास, तिथी आणि वार आधी लिहितो, तारीख त्यानंतर देतो आणि ती कोणत्या गणनेची आहे तेही नोंदवतो. नोंद त्यामुळे दोन ओळींनी लांबते, अशी तक्रार कार्यकारिणीतून आली आहे. त्यावर तूर्त माझ्याकडे उपाय नाही. आजचे पान आता २०२४ मध्ये, एका गुरुवारी, पुन्हा उघडेल. या तारखेची आणखी एखादी जयंती कोणाला ठाऊक असेल तर तोवर अवश्य कळवावी, आणि सोबत वारही लिहावा.