राज्य महामार्ग ६१ : सेंट्रेलियाजवळ बाद झालेला तुकडा

[नकाशा : रेडिंग ते शमोकिन डॅम]

अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्यात रेडिंगहून निघालेला राज्य महामार्ग ६१ सुमारे १३० किलोमीटर जाऊन सस्क्वेहाना नदीकाठच्या शमोकिन डॅमला पोहोचतो. हा रस्ता आजही वाहता आहे. बाद झाला तो अॅशलंड आणि सेंट्रेलिया यांच्यामधला जेमतेम सव्वा किलोमीटरचा तुकडा. रहदारी घटली किंवा नवा द्रुतगती मार्ग झाला म्हणून रस्ते बाद होतात, पण इथे ते कारण नव्हतं. इथे रस्त्याखालची जमीनच पोकळ झाली.

[जुन्या खाणींचा आडवा छेद]

सेंट्रेलिया १८६६ मध्ये नगर म्हणून नोंदलं गेलं. गाव अँथ्रासाइट, म्हणजे कठीण जातीच्या दगडी कोळशाचं. इथले थर सपाट नाहीत. ते घड्या पडून तिरके झाले आहेत आणि कित्येक ठिकाणी जमिनीपर्यंत वर येतात. खाणकामगार कोळसा काढताना छत तोलून धरायला मधे मधे कोळशाचेच खांब सोडत. १९३० च्या मंदीत बंद खाणींमध्ये चोरून उतरलेल्या लोकांनी हे खांबही कोरून नेले. त्यामुळे आतले बोगदे कुठे ढासळले, कुठे मोकळे राहिले, याचा नकाशांशी मेळ उरला नाही. पुढे या खाणींना लागलेली आग विझवायला आलेल्यांना ही गोष्ट फार महागात पडली.

[१९६२]

मे १९६२ च्या अखेरीस मेमोरियल डे, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणाचा अमेरिकी दिवस, जवळ आला होता. दफनभूमीशेजारच्या जुन्या उघड्या खाणीत गावचा कचरा टाकला जाई. तो साफ करण्यासाठी पेटवून दिला गेला. आगीच्या उगमाबद्दल दुसरं मतही आहे, पण सर्वाधिक मान्य हकीकत हीच. खड्ड्याच्या भिंतीत एक भगदाड बुजवायचं राहून गेलं होतं. त्यातून आग बक माउंटन नावाच्या थरात शिरली. कार्बन मोनॉक्साइड सापडल्यावर ऑगस्टमध्ये आसपासच्या खाणी बंद झाल्या.

मग खोदकाम सुरू झालं. पहिल्या कंत्राटाचा अंदाज होता २४,००० घनयार्ड मातीचा आणि २०,००० डॉलरचा. प्रत्यक्षात ५८,००० घनयार्डांहून जास्त माती उपसली गेली, पैसे संपले, आणि आग पुढेच राहिली. कारणं साधी होती. आगीचा पुढचा काठ कुठे आहे हे पाहायला आधी छिद्रं घेतली गेली नाहीत, काम फक्त दिवसा चाले, आणि उकरलेल्या प्रत्येक फावड्यागणिक आत ताजी हवा जात होती. जळत्या कोळशामागून खणत जाण्याची ही पद्धत इथे यशस्वी होणारी नव्हती. आगीच्या बरंच पुढे जाऊन, कोरा कोळसा काढून, चर मारावा लागतो. तेवढा पैसा त्या वेळी कुणी मंजूर केला नाही.

दुसऱ्या खेपेला कुटलेली खडी पाण्याबरोबर पोकळ्यांमध्ये सोडायचं ठरलं. कडाक्याच्या हिवाळ्यात पाण्याच्या नळ्या गोठल्या, खडी दळणारं यंत्रही गोठलं. जेवढी खडी गेली ती पुरली नाही. नंतरच्या वर्षांत छिद्रं पाडून औष्णिक वीजकेंद्रातली राख भरली गेली, म्हणजे गाव आणि आग यांच्यामध्ये राखेची भिंत उभी राहावी. अशा भरावाची अडचण ही की तो उताराने वाहून तळाशी बसतो. छताजवळ फट राहते आणि आगीला तेवढी फट पुरते. १९७९ मध्ये गावातल्या पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला पोहोचलेलं आढळलं.

[रस्त्यावरची लांब भेग, वाफ]

आता रस्त्याकडे येऊ. डांबरी रस्ता म्हणजे वर डांबरमिश्रित खडीचा थर, खाली कोरडी खडी, त्याखाली दाबलेली माती. चाकाचं वजन पसरवून खालच्या जमिनीवर सोपवणं एवढंच या थरांचं काम. पोकळीवर पुलासारखं तगून राहणं त्यांच्या आवाक्यात नाही. कोळसा जळून राख झाली की तिचं आकारमान मूळच्या थोड्याशा भागाइतकंच उरतं. वरचा खडक वाकतो, तुटतो, आणि ती तूट हळूहळू वर सरकत रस्त्यापर्यंत येते. एक बाजू खचली आणि दुसरी टिकली, की त्यांच्या सांध्यावर लांबलचक भेग पडते. इथे नेमकं तेच झालं.

अशा भेगेत डांबर ओतणं हा सगळ्यात निरुपयोगी इलाज. जमीन गरम असल्यामुळे डांबर मऊच राहतं, आणि खाली काहीच नसल्यामुळे ते आत उतरत जातं. भेग उघडी ठेवली तरी पंचाईत, कारण ती चुलीच्या धुराड्यासारखी चालते. गरम वायू तिथून बाहेर पडतात आणि दुसऱ्या छिद्रांमधून आगीकडे हवा ओढली जाते. पावसाचं पाणी तापलेल्या खडकावर पडून त्याची वाफ होते. थंड हवेत ती वाफ ठळक दिसते, म्हणून प्रसिद्ध छायाचित्रं बहुतेक हिवाळ्यातली.

१९८० च्या दशकात खचलेला भाग दुरुस्त करून रस्ता पुन्हा वापरात आला. तो परत खचला. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, एका तांत्रिक अहवालाने आग पूर्ण खणून काढायचा खर्च ६६ कोटी डॉलरांच्या घरात मांडला. अमेरिकी संसदेने त्याऐवजी ४ कोटी २० लाख डॉलर पुनर्वसनाला दिले. बहुतेक कुटुंबं निघून गेली. १९८० मध्ये हजारभर असलेली वस्ती १९९० मध्ये ६३ वर आली. १९९२ मध्ये राज्याने उरलेली घरंही सक्तीच्या संपादनाखाली घेतली. गावच रिकामं होत असताना त्या सव्वा किलोमीटरवर पुनःपुन्हा पैसे ओतायला अर्थ उरला नव्हता, आणि १९९३ मध्ये तो तुकडा कायमचा बंद झाला. वाहतूक शेजारच्या, बर्न्सव्हिल वस्तीवरून जाणाऱ्या रस्त्याने वळवण्यात आली. तात्पुरता वळणरस्ता पुढे कायम झाला आणि ६१ हा क्रमांक त्याच्याकडे गेला.

[रंगवलेला रस्ता, मग डंपर]

दोन्ही तोंडांना मातीचे ढिगारे घातले तरी लोक चालत आत येत राहिले. डांबरावर नावं, चित्रं, शिव्या, सगळं रंगवलं गेलं आणि 'ग्राफिटी हायवे' हे नाव पडलं. २०१८ मध्ये जमीन एका कोळसा कंपनीकडे गेली. खासगी जागेत कुणी भेगेत पडलं तर जबाबदारी मालकावर येते, हा त्यानंतरचा खरा प्रश्न होता. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या टाळेबंदीतही गर्दी जमू लागल्यावर, सुमारे ४०० डंपर माती आणून रस्ता झाकला गेला.

मातीच्या या थराने खालची आग विझत नाही, आणि तो त्यासाठी टाकलेलाही नाही. पोकळ्या तशाच आहेत, आणि वरची माती कुठे कधी आत बसेल हे वरून दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. गाडीने जायचं तर ६१ ची पाटी धरावी, ती बर्न्सव्हिलच्या बाजूने नेते.