आजोबांची चार मेडलं

[दृश्य: सोप्यातली भिंत, तिच्यावरचा ताम्रपट. मग माजघरातल्या अंधारात एक लोखंडी ट्रंक.]

कराडच्या दक्षिणेला, शेणोली स्टेशनवरून चालत येता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरात पाऊल टाकलं की समोर दिसतो तो थोरल्या आजोबांचा ताम्रपट. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला. आम्ही सगळी भावंडं त्याच्याखाली जेवलो, तिथंच बसून पाढे पाठ केले.

माझे आजोबा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णा दुसऱ्या महायुद्धात विमान चालवायचे. त्यांची मेडलं माजघरातल्या ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. खंडेनवमीला घरातला कोयता, विळा, नांगराचा फाळ सगळं पूजेला यायचं. तो डबा कधी आला नाही.

गावात सांगायचे, अण्णांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले. मीही शाळेत तेच सांगितलं होतं. अण्णा ऐकायचे. हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत.

[दृश्य: पांढऱ्या कापडावर चार मेडलं. कॅमेरा एकेकावर.]

डबा मी उघडला तो अण्णा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दोन पिवळसर, सहा टोकांचे तारे. दोन गोल, पांढऱ्या धातूची. फिती कुबट झालेल्या, पण रंग ओळखू येत होते, आणि मेडल वाचायची सुरुवात फितीपासूनच करायची असते.

पहिली फीत गडद निळी, तांबडी, फिकी निळी. आरमार, पायदळ आणि हवाई दल. हा १९३९–४५ चा तारा. वैमानिकाला तो मिळायचा लढणाऱ्या तुकडीत दोन महिने काढल्यावर, आणि त्यात निदान एक तरी उड्डाण शत्रूवर केलेलं असेल तरच. म्हणजे अण्णा नुसते विमानतळावर बसून नव्हते. ते कळलं त्या दिवशी मी डबा तसाच मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते.

गोल मेडलांपैकी एक वॉर मेडल. ते २८ दिवसांच्या सेवेवरही मिळायचं, त्यावरून फारसं काही कळत नाही. दुसऱ्याच्या पाठीवर हिंदुस्थानचा नकाशा. हे इंडिया सर्व्हिस मेडल, तीन वर्षांच्या सेवेसाठी. त्यासाठी धरलेला काळ संपतो २ सप्टेंबर १९४५ ला. तिथून तीन वर्षं मागं मोजा. अण्णा भरती झाले ते उशिरात उशिरा सप्टेंबर १९४२ च्या तोंडाशी, म्हणजे 'चले जाव'च्या त्या ऑगस्टमध्ये, नाहीतर त्याच्याही आधी. ही तारीख लक्षात ठेवा.

राहिला दुसरा तारा. मधोमध रुंद तांबडा पट्टा, दोन्ही कडांना निळा, आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीचा. युरोपवर बॉम्ब टाकणाऱ्यांचे तारे वेगळे होते, त्यांतला एकही डब्यात नव्हता.

अण्णा बर्लिनला गेलेच नव्हते.

[दृश्य: सांगलीतलं घर. आत्या कपाटातून कापडी पुठ्ठ्याची जाड वही काढते.]

मेडल सांगतं माणूस कुठल्या आघाडीवर होता. तिथं त्यानं काय केलं, हे सांगायला कागद लागतो. तो कागद सांगलीला आत्याकडे निघाला. अण्णांचं लॉगबुक. तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, चालवणारा कोण, सोबत कोण, कामगिरी काय, हवेत किती वेळ. महिना संपला की खाली बेरीज आणि वरिष्ठांची सही. आत्या म्हणाली, "मला वाटलं हिशोबाची वही आहे, म्हणून जपली."

पानं उलटत गेले तसे गावांचे शिक्के बदलत गेले. बेगमपेठ, अंबाला, पेशावर. आणि मार्च १९४४ मध्ये उधारबंद. आसामात, सिल्चरजवळची धावपट्टी. इंडियन एअर फोर्सची ७ नंबरची स्क्वॉड्रन तेव्हा तिथं होती, आणि तिच्याकडं विमान होतं व्हेंजन्स.

या विमानाबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. अमेरिकन बनावट, दोन माणसांचं, सूर मारून बॉम्ब टाकणारं. एरवी विमानाचा पंख पुढून किंचित वर उचललेला असतो. व्हेंजन्सचा तसा नव्हता, कारण ते सरळ खाली, नव्वद अंशात कोसळताना रेषा सोडू नये. त्याची किंमत साध्या उड्डाणात मोजावी लागायची. विमान नाक वर करून चालायचं आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसायचंच नाही. मग दहा-बारा हजार फुटांवरून ते उलटं करून खाली सोडायचं. पंखांवरचे ब्रेक उघडायचे. पोटात पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब, पंखांखाली अडीचशेचे दोन. बॉम्ब सुटला की काठी पोटाशी ओढायची. तेव्हा डोक्यातलं रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढं करडं धुकं येतं. मागं गनर बसलेला, शेपटीकडं तोंड करून. सगळा सूर संपेपर्यंत त्याला नुसतं आभाळ दिसायचं.

अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते.

[दृश्य: लॉगबुकातल्या ओळी. शेजारी टंकलिखित कागद. बोट दोन्हींवरून एकदमच सरकतं.]

लॉगबुक माणूस स्वतः लिहितो, म्हणून ते दुसऱ्या कागदाशी ताडून बघावं लागतं. प्रत्येक स्क्वॉड्रनची रोजनिशी असायची. फॉर्म ५४० वर दिवसाचा वृत्तांत. फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाण: कोण गेलं, कधी उडालं, कधी उतरलं, काय दिसलं. त्या पानांच्या प्रती हाती यायला दीड वर्ष गेलं. त्यानंतरच्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवून एकेक ओळ जुळवली. अण्णांच्या अक्षरात 'टिड्डीम रस्ता', म्हणजे ब्रह्मदेशातून इंफाळला येणारा, आणि रोजनिशीत त्याच दिवशी त्यांचं नाव, त्यांच्या गनरचं नाव, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ. इंफाळला जपान्यांचा वेढा पडला होता. तो २२ जूनला फुटला, कोहिमाकडचा रस्ता मोकळा झाला. वहीतल्या नोंदी त्या वेढ्यातल्या. काही दिवसांपुढं एवढंच लिहिलंय: 'ढग. परत.'

उतरल्याची वेळ प्रत्येक ओळीत आहे. मी ती आधी वाचायचे.

[दृश्य: शेणोली स्टेशन. रूळ. लांबून येणारी गाडी.]

हे सगळं ट्रंकेत का राहिलं, ते त्याच वहीतल्या एका आधीच्या पानावर सापडलं. ७ जून १९४३. पेशावर. सूर मारण्याचा सराव, ५५ मिनिटं.

त्याच दिवशी इथं, शेणोलीजवळ, प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली. नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हा गावोगाव उभं राहत होतं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूखही त्या वेळी सातारा जिल्ह्यातच. थोरले आजोबा, म्हणजे आत्याचे दादा, भूमिगतांना भाकरी पोचवायचे, निरोप न्यायचे. पोलीस घरात शिरले की धान्याची कणगीसुद्धा उपसून बघायचे. आणि त्याच घरातला धाकटा इंग्रज राजाची मोहर असलेला गणवेश घालून पेशावरच्या आभाळात होता.

दोघं भाऊ त्यावरून भांडल्याचं आत्याला आठवत नाही. अण्णा १९४६ ला परत आले, शेतीला लागले. १५ ऑगस्ट १९४७ ला सेवेत असलेल्यांना मिळालेलं मेडल डब्यात नाही, कारण त्या दिवशी ते उसाला पाणी देत होते. आत्या एवढंच सांगते, "अण्णांनीच डबा ट्रंकेत टाकला. दादांनी कधी टाका म्हटलं नव्हतं."

मला अण्णांची बाजू घ्यायची नाही, आणि थोरल्या आजोबांचीही नाही. माझ्यासाठी दोघंही खरे.

[दृश्य: सोपा. चौकटीत बसवलेली चार मेडलं. कोणीतरी हातोडी घेऊन स्टुलावर उभं.]

चौकट करून आणली त्या दिवशी आत्या सांगलीहून आली. मी ताम्रपटाच्या खाली खिळा धरला होता.

"खाली नको," ती म्हणाली. "शेजारी लाव."