नवी खिडकी उघडली की

[दृश्य: काळा पडदा. डॉलरचं चिन्ह, पुढे लुकलुकणारा कर्सर.]

पहिल्या वर्षाला आलेली एक मुलगी टर्मिनलसमोर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीसमोर, बसली आहे. शेजारी एक सीनियर. त्याचे हात मांडीवर आहेत आणि शेवटपर्यंत ते तिथेच राहावेत, एवढी एकच अट आम्ही त्याला घातली आहे. शिकवणाऱ्यानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला की दोन मिनिटांत सगळं जागेवर बसतं, पण शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

मशीनवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, बॅश. ती 'डेट' टाइप करून एन्टर दाबते. तारीख येते, इंग्रजीत. मग तो तिला एक ओळ सांगतो: एक्सपोर्ट, एलसी अंडरस्कोर टाइम, बरोबरचं चिन्ह, एमआर अंडरस्कोर आयएन. मराठीचा लोकेल, म्हणजे भाषेच्या सेटिंगचा संच, त्यानं या मशीनवर आधीच तयार करून ठेवला आहे. पुन्हा 'डेट'. आता वार मराठीत, महिना मराठीत. ती खुर्चीत पुढे सरकते.

"आता ही खिडकी बंद कर. नवी उघड."

पुन्हा 'डेट'. पुन्हा इंग्रजी.

"दादा, गेलं की!"

नवख्या माणसाला शेल समजतो तो इथे, या "गेलं की" पाशी. प्रत्येक खिडकीत एक वेगळा शेल चालू असतो. त्याला सांगितलेली सेटिंग त्याच्याच स्मरणात राहते आणि खिडकी मिटली की त्याच्याबरोबर जाते. टिकवायची असेल, तर शेल सुरू होताना जी फाईल वाचतो तिच्यात ती ओळ लिहायला हवी. बॅशसाठी ती फाईल म्हणजे आपल्या होम फोल्डरमधली 'टिंब बॅशआरसी'.

[दृश्य: फाईलचं नाव, मोठ्या अक्षरात.]

या नावात बराच इतिहास दडलेला आहे. शेवटचं 'आरसी' आलं 'रनकॉम' वरून, म्हणजे 'रन कमांड्स'. 1960 च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर लुई पूझाँ यांनी कमांडची यादी फाईलमध्ये लिहून चालवायची सोय केली होती. 'शेल' हा शब्दही त्यांचाच. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभी केली. तिच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला. 1989 मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश हा त्याचाच वारस. आणि सुरुवातीचं टिंब? फाईलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही कमांड टिंबानं सुरू होणारी नावं दाखवत नाही. म्हणून नवख्याला वाटतं, फाईलच नाही. 'एलएस वजा ए' म्हटलं की ती समोर येते.

मॅक असेल तर मात्र गोष्ट बदलते. 2019 च्या कॅटलिनापासून तिथे नव्या खात्याला झेडशेल मिळतो आणि तो वाचतो 'टिंब झेडएसएचआरसी'. बॅशआरसीत कितीही लिहा, काही होत नाही. म्हणून मदतीला बसताना पहिला प्रश्न हाच: तुझा शेल कोणता?

[दृश्य: नॅनो एडिटर. फाईलच्या तळाशी नवी ओळ.]

आता पाथची पाळी. पाथ म्हणजे फोल्डरांची यादी, मध्ये कोलन. आपण 'एलएस' म्हटलं की शेल ही यादी डावीकडून तपासतो आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथला प्रोग्रॅम चालवतो. तिला स्वतःच्या स्क्रिप्टांचा 'बिन' फोल्डर यादीत घालायचा आहे. ती लिहिते: पाथ बरोबर, होममधला बिन. फाईल सेव्ह करते, 'सोर्स' करते, म्हणजे चालू शेलला ती पुन्हा वाचायला लावते, मग 'एलएस'.

कमांड सापडत नाही. नॅनो नाही, 'डेट' सुद्धा नाही.

तिचा चेहरा उतरतो. "मी मशीन बिघडवलं का?"

"काही बिघडलेलं नाही. संदेश वाच. मोठ्यानं."

उबुंटूचा संदेश नीट वाचला तर कारण त्यातच आहे: 'यूएसआर बिन', म्हणजे हे प्रोग्रॅम जिथे असतात तो फोल्डर, पाथमध्ये नाही. जुन्या यादीत भर घालण्याऐवजी तिनं यादीच बदलून टाकली. 'डॉलर पाथ', म्हणजे जुनी यादी, लिहायचं राहिलं. प्रोग्रॅम सगळे डिस्कवर जागच्या जागी आहेत. शेलला त्यांचे पत्ते तेवढे ठाऊक नाहीत. 'सीडी' मात्र अजून चालते, कारण ती शेलच्या पोटातलीच कमांड आहे.

आणि शेजारी दुसरी एक खिडकी अजून उघडी आहे. तिथल्या शेलकडे जुना पाथ शाबूत आहे. फाईल बदलण्याआधी त्यानं तिला एक खिडकी तशीच उघडी ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. ती नसती तरी नॅनोचा पूर्ण पत्ता टाइप करून फाईल उघडता आली असती. बदल करायला शिकवण्याआधी परतीची वाट दाखवावी, असं आम्हाला फार मनापासून वाटतं. याच क्षणी घाबरून कितीतरी मुलं टर्मिनल कायमचं बंद करतात.

त्या खिडकीतून ती ओळ दुरुस्त करते: होममधला बिन, कोलन, डॉलर पाथ. मग नवी खिडकी, 'एलएस'. यादी येते.

कुणाची तरी पाचशे ओळींची तयार फाईल उचलून दिली असती, तर प्रॉम्प्ट, म्हणजे कर्सरआधीची खूण, रंगीत झाला असता. पण त्यातली एक ओळ अडली, की पाचशेही परक्याच.

[दृश्य: तिची फाईल, जवळून.]

उबुंटूनं दिलेल्या मजकुराखाली तिच्या स्वतःच्या ओळी आता तीन आहेत. प्रत्येकीच्या वर हॅशचं चिन्ह आणि मराठीत टीप. टर्मिनलमध्ये काही जोडाक्षरं तुटलेली दिसतात, तरी फाईलमध्ये ती बरोबर आहेत. पाथच्या वर तिनं लिहिलंय: "डॉलर पाथ काढू नकोस."