चारशे दोन मीटर आणि एक गरीब सिव्हिक

(मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे ती आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही. १९९२ ते ९५ या काळातली होंडा सिव्हिक हॅचबॅक, अमेरिकेतली. तिकडे ही गाडी कोण घ्यायचं? कॉलेजातली पोरं, पेट्रोलचा हिशेब वहीत लिहिणारी माणसं, घरोघरी पिझ्झा पोचवणारे. सगळ्यांत स्वस्त मॉडेल सीएक्स. आठ व्हॉल्व्हचं दीड लिटर इंजिन, ७० हॉर्सपॉवर, तेरा इंची चाकं आणि वजन सुमारे साडेनऊशे किलो. सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली तर मान वळवून बघावं असं तिच्यात काही नाही. आणि तीच पुढे कॅलिफोर्नियातल्या ड्रॅग रेसवाल्यांची, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्टीवर थोडंच अंतर शर्यत लावणाऱ्यांची, लाडकी झाली.

अमेरिकेत ड्रॅग रेस म्हणजे मोठं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, ही समजूत फार जुनी. १९५० साली सांता आनाच्या विमानतळावर रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सनं एनएचआरए ही संघटना काढली. पुढे कितीतरी वर्षं जपानी छोटी गाडी पट्टीवर आली की लोक हसायचे. १९९० साली लॉस एंजेलिसजवळच्या पामडेलला ‘बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स’ सुरू झालं आणि हसणं हळूहळू थांबलं. ज्या सिव्हिकवर स्टिकर आणि पंख लावले होते ती दुरूनच ओळखू यायची. मला त्यांच्यात रस नाही. मला रस आहे तो स्लीपरमध्ये: पत्र्याचे रिम, त्यावर प्लास्टिकच्या टोप्या, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची आणि बॉनेटखाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

अशी गाडी करायची म्हटलं की प्रत्येक जण आधी टर्बो कुठला घ्यायचा ते विचारतो. माझ्या मते हा सगळ्यांत सोपा प्रश्न आहे. व्होल्वो-साबवरचा गॅरेट कंपनीचा टी-थ्री किंवा मित्सुबिशी एक्लिप्सवरचा छोटा टर्बो भंगारवाल्याकडे मिळायचा, आणि अजूनही शोधला तर मिळतो. खरं काम त्याच्या पुढे आहे. सुरुवात गणितापासून करू.

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तेवढ्या अंतराला लागणारा वेळ वजन भागिले शक्ती या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. किलो आणि हॉर्सपॉवर धरले तर त्या घनमुळाला साधारण ७.६ नं गुणा. सीएक्सच्या अंगात तिच्याच थोरल्या बहिणीचं १.६ लिटरचं डी-सोळा-झेड-सिक्स इंजिन बसवलं, १२५ हॉर्सपॉवर, आणि चालकासकट १०५० किलो धरलं, तर कागदावर साडेपंधरा सेकंद येतात. प्रत्यक्षात सोळाच्या आसपास. शक्ती दुप्पट करून २५० केली तर १२.२. आता इथे घनमुळाची खोडी बघा. शक्ती दुप्पट झाली आणि वेळ जेमतेम वीस टक्के कमी झाला. वेळ निम्मा करायचा तर शक्ती आठपट हवी! म्हणून ड्रॅगमध्ये पुढचा प्रत्येक सेकंद आधीच्यापेक्षा महाग पडतो.

दुप्पट शक्ती म्हणजे सिलिंडरमध्ये दुप्पट हवा. बाहेरचा दाब एक बार, टर्बोनं वर आणखी एक बार दिला (या जादा दाबाला बूस्ट म्हणतात), म्हणजे हवा दुप्पट? नाही. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं बूड हाताला कसं लागतं ते आठवा. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर ती सव्वाशे अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणून घनता दुप्पट न होता दीडपटच होते. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारी जाळी, टाकून ती पन्नास अंशांवर आणली की हिशेब १.८८ पटीला पोचतो. पुढच्या बंपरमागे काळा रंग मारून लपवलेला तो इंटरकूलर शोभेचा नव्हे. १२५ चे २३५ होतात ते त्याच्या जोरावर.

उष्णतेचा दुसरा त्रास याहून वाईट. हा पिस्टन बघा, मागे दिसत नसेल तर नंतर पुढे येऊन हातात घ्या. वरून ठीक दिसतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली ही भिंत, इथे तुकडा निघालाय. पिस्टन वितळलेला नाही, तुटला आहे. हे नॉकिंगचं काम. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं तापलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाबाचा घणासारखा ठोका बसतो. नेहमीच्या गाडीत चढावर टकटक ऐकू येते, तुम्ही गिअर खाली टाकता, संपलं. एक बार बूस्टवर तेवढी सवड मिळत नाही. बूस्टवर आवाजही नीट ऐकू येत नाही. स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरलात आणि पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार ठिपके दिसले, तर तो तुमचाच पिस्टन तिथे येऊन बसला आहे असं समजा.

यावर इलाज तीन. मिश्रण श्रीमंत ठेवा, म्हणजे पेट्रोल जास्त. एरवी हवा-पेट्रोल १४.७ ला एक, बूस्टवर साडेअकरा ते बाराला एक. ठिणगीचं टायमिंग मागे घ्या. आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला जितके पट दाबतो तो आकडा, कमी करा. या तिसऱ्या इलाजात एक मजा आहे. झेड-सिक्सचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, कॉम्प्रेशन ९.२. आता सुझुकीचं १.६ लिटरचं इंजिन घ्या, व्हिटारामधलं. बोअर ७५, स्ट्रोक ९०! अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांनी ताडलं की व्हिटाराचे पिस्टन होंडात बसतात आणि कॉम्प्रेशन साडेआठच्या आसपास उतरतं. फोर्ज केलेल्या पिस्टनच्या किमतीपुढे हा सौदा फुकटात. त्याच कुळातलं १.६ इंजिन आपल्याकडे मारुतीच्या जुन्या बलेनोत होतं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेलही. आणि २००० च्या सुमाराची १०६ हॉर्सपॉवरची होंडा सिटी व्हीटेक आठवते? तिचं दीड लिटर इंजिन सिव्हिकच्याच डी खानदानातलं. आपल्याकडच्या हौशी पोरांनी तिला उगाच डोक्यावर घेतलं नव्हतं.

पण पिस्टन वाचला म्हणजे इंजिन वाचलं असं नाही. डी इंजिनाची खरी दुखरी जागा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरपर्यंत मूळचे रॉड रडतखडत टिकतात, पुढे ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतात. कमी आरपीएमवर एकदम बूस्ट देणारा छोटा टर्बो इथे जास्त घातक, कारण रॉडला वाकवतो तो टॉर्क. हॉर्सपॉवरचा आकडा त्याला माहीत नसतो.

पेट्रोलचं काय? पेट्रोल फवारणारे मूळ इंजेक्टर मिनिटाला २४० सीसी देतात. २५० हॉर्सपॉवरला पाचशेच्या आसपासचे लागतात, आणि टाकीत बसणारा, तासाला २५५ लिटर पुढे ढकलणारा पंप. हे बदलले की गाडीच्या संगणकाला ते सांगावं लागतं. होंडाचा पी-२८ संगणक या लोकांना पावला, कारण तो हवा मोजायला मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब बघतो. आत एक सॉकेट सोल्डर करायचा, त्यात पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचा आपला नकाशा भरलेली चिप बसवायची, झालं. मात्र मूळचा सेन्सर एकूण पावणेदोन बारपर्यंतच वाचतो. आपण निघालोय दोन बारकडे. म्हणजे ऐन बूस्टवर संगणक आंधळा, म्हणून सेन्सरही बदलायचा. हे विसरून टर्बोच्या फुशारक्या मारणाऱ्यांचे पिस्टन मग या टेबलावर येतात.

ब्रेक, क्लच, ॲक्सल यांवर मी वेळ घालवत नाही. जे तुटेल ते जाड करायचं, एवढंच.

टायरवर मात्र थांबतो, कारण शर्यत पहिल्या अठरा मीटरमध्ये ठरते. सिव्हिक पुढच्या चाकांवर चालते. उभी असताना साठ-एकसष्ट टक्के वजन पुढे. अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाच्या निम्मी वेगवाढ झाली की एकूण वजनाचे सुमारे दहा टक्के मागे सरकतात, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मस्टँगचं नेमकं उलट, तिला याचा फायदा. म्हणून इथे मागच्या स्प्रिंगा दगडासारख्या कडक करतात, गाडी मागे बसूच द्यायची नाही. पुढे मऊ, बिननक्षीचे स्लिक टायर. रस्त्याच्या टायरवर हे अठरा मीटर अडीच सेकंद खातात, चांगल्या स्लिकवर दोनच्या आत येतात. इथे वाचलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीडपट होऊन मिळतो. शर्यतीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर शेवटचा वेग १७५-१८० किलोमीटर दिसला आणि वेळ मात्र साडेतेरा, तर इंजिनाला हात लावू नका. शक्ती आहे, ती धुरात गेली.

आता लपवण्याबद्दल. पाय उचलला की टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची ती फुस्स हवेत सोडायची नाही, परत इनटेकमध्ये वळवायची. सायलेन्सरचा पाइप बंपरखाली तोंड करून संपवायचा. हे जमतं. पण एनएचआरएचा नियम आडवा येतो. १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की हेल्मेट, त्याला हरकत नाही. ११.४९ पासून खाली मात्र अशा गाडीला रोल बार सक्तीचा, आणि आत पोलादी कमान दिसली की बाळाच्या खुर्चीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून साडेअकरा ही स्लीपरची हद्द, असं मी मानतो. आपल्या सूत्राप्रमाणे तिथे ३०० हॉर्सपॉवर लागते, आणि मूळचे रॉड त्याच्या आधीच हात टेकतात.

हे सगळं पट्टीवर करायचं, रस्त्यावर नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते, तिथे जाऊन बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली मूळ रचनेत असे फेरफार करून गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. कॅलिफोर्नियात धुराची तपासणी याहून कडक.

आता प्रश्न घेऊ. मायलेज कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: टर्बो फुंकेपर्यंत ती तीच जुनी सिव्हिक असते. भाजी आणायला नेलीत तर जवळजवळ पूर्वीइतकंच देते.