ख्रिस्तपुराण तोंडाने वाचा

श्रोतेहो, नमस्कार. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, काय सोडायचं हे घरोघरी ठरतं. काय वाचायचं, हे मात्र राहून जातं. म्हणून आज मराठी ख्रिस्ती माणसाच्या फळीवर असावीत अशा तीन पुस्तकांविषयी बोलतो. त्यातही एकाविषयी जास्त, कारण त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि पहिल्या वीस ओव्यांतच ते मिटलं जातं.

ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला आणि तिथल्याच साष्टीत राहिला. तिथल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्या जागी ऐकायला काहीच उरलं नव्हतं. एका ब्राह्मणाने उभं राहून त्या जागी नवं काही ऐकायला मागितलं, हा प्रसंग ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. लोकांनी ऐकायला मागितलेला हा ग्रंथ आहे, आणि वाचताना आपण हेच विसरतो. डोळ्यांनी भरभर वाचलात तर तो दगडासारखा लागेल. तोंडाने वाचा.

ही ओवी पाहा:

पखियांमध्ये मयोरू ।
रुखियांमध्ये कल्पतरू ।
भासांमध्ये मानु थोरू ।
मराठियेसी ॥

पखिया म्हणजे पक्षी, रुखिया म्हणजे झाडं, भासा म्हणजे भाषा. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड आणि मोकळा. तीन चरणांवर आवाज चढत न्यायचा, चौथ्यावर खाली आणून थांबायचं. शेवटचा ‘रू’ गिळायचा नाही, लांबवायचा. ज्ञानेश्वरी ज्यांच्या कानावर आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. सव्वातीनशे वर्षं आधीची ती वाट स्टीफन्सने जाणून धरली होती.

आता हिशेब. ग्रंथाचे दोन भाग: पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात नवा. मिळून ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि ओव्या जवळजवळ ११ हजार. रोज ३० ओव्या म्हटल्या तर साधारण वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. सावकाश म्हटल्या तरी ३० ओव्यांना दहा मिनिटं पुरतात. उपवासकाळापुरतंच वाचायचं असेल तर पहिलं पुराण बाजूला ठेवा आणि दुसऱ्यातलं येशूचं दुःखसहन घ्या. एकाने ओवी म्हणावी, दुसऱ्याने बायबलातलं शुभवर्तमान उघडून बसावं. बायबलात दोन वाक्यांत आटोपलेला प्रसंग इथे किती फुलवलाय, ते लगेच कळतं. मरियेविषयीच्या काही कथा बायबलात सापडणार नाहीत, त्या परंपरेतून आल्यात. प्रॉटेस्टंट वाचक इथे अडखळतो, त्याला आधी सांगून ठेवावं. मूर्तिपूजेवरचे कठोर शब्दही भेटतील. ते पोर्तुगीज अमलातल्या साष्टीत लिहिलेले आहेत, हे मनात ठेवूनच वाचावेत.

सगळ्यात जास्त घोटाळा आवृत्तीत होतो. १६१६, १६४९ आणि १६५४ या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्ती रोमन लिपीत आहे. तिच्यात ‘ज’साठी झेड, ‘क’साठी क्यू, ‘ळ’साठी दोन एल येतात. सवय नसेल तर मराठी आहे हेच कळत नाही, आणि वाचक दोष स्वतःला देतो. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. शांताराम बंडेलूंची १९५६ ची देवनागरी आवृत्ती चांगली आहे, पण मदतीशिवाय जड जाते. २००९ साली बंगळूरहून निघालेल्या आवृत्तीत आजच्या मराठी गद्यातला अर्थही दिलेला आहे. सुरुवात तिथून करा, पण क्रम मोडू नका: आधी ओवी मोठ्याने, मग अर्थ, मग पुन्हा तीच ओवी. आधी अर्थ वाचला की ओवीकडे परत जाणं होत नाही.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं मन लावून वाचा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ही बाई बदलली नाही. आधी तिच्या मनातून विटाळ गेला, जातपात गेली, मग येशू आला. आपल्याकडे श्रद्धेच्या साक्षी खूप दिल्या जातात, पण इतकी प्रामाणिक साक्ष मराठीत दुसरी नाही. संक्षिप्त प्रत मात्र घेऊ नका. कापाकापीत घरातली भांडणं, सोवळंओवळं, स्वयंपाकातल्या फजित्या कमी होतात, आणि श्रद्धा कशी हळूहळू वाढली हे त्यांतच दिसतं.

तिसरं बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक जण तिचं नाव घेतात. पात्रं मध्येच थांबून वाद घालतात, तिथे कंटाळा येऊ शकतो. ती पानं चाळून पुढे गेलात तरी चालेल. विधवांच्या हकिकती मात्र एकही गाळू नका, कारण पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिलंय.

तिन्ही एकदम सुरू करू नका. स्मृतिचित्रे दुपारी एकट्याने वाचायचं पुस्तक आहे. पुराणासाठी संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सगळे बसलेले असतानाच दहा मिनिटं काढा, आणि पहिल्या दिवशी ओवी म्हणायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा. जुन्या शब्दांचे उच्चार त्यांच्या तोंडी अजून असतात.