समुद्र गेलेलं संस्थान : इंग्रजी अमलातली सावंतवाडी

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

नागपूरच्या राज्याला समुद्र होता, इथूनच सुरुवात करतो. रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या आणि १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह होऊन ओडिशा नागपूरकरांकडे आला. बालेश्वरचं बंदर, पुरीचं जगन्नाथाचं देऊळ, कटकचा किल्ला, या सगळ्याचा कारभार नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यातून चालत असे. मग १८०३ साल आलं. अडगावची लढाई हरलो, पाठोपाठ गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक प्रांत कंपनीने घेतला. गादी राहिली, वाडा राहिला, पण समुद्र गेला. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, तिसरे रघुजी वारले आणि गादीही गेली.

आपण या गोष्टीचा दुसरा भाग पाठ करतो. दत्तक नामंजूर, खालसा, राणी बाकाबाईसाहेबांच्या तक्रारी, वाड्यातल्या जडजवाहिराचा लिलाव. पहिला भाग, म्हणजे समुद्राचा, आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. आज मी ज्या संस्थानाबद्दल बोलणार आहे तिथे हा पहिला भाग म्हणजेच सगळा इतिहास आहे. सावंतवाडीची गादी इंग्रजांनी कधीच खालसा केली नाही. त्यांनी तिचा समुद्र काढून घेतला.

आडनाव भोसले असलं तरी नागपूरकरांचं घराणं हिंगणीचं आणि वाडीचं घराणं सावंत-भोसल्यांचं, हे इथे वेगळं सांगायला नको. वाडीकर मुळात कुडाळ प्रांताचे सरदेसाई. विजापूरकर, शिवाजी महाराज, मोगल, पोर्तुगीज, कोल्हापूरकर, आंग्रे, या सगळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांनी राज्य टिकवलं. कधी याच्याशी तह, कधी त्याच्याशी लढाई. त्यांना कोणी धरसोडीचे म्हणतं, पण तो शब्द मी वापरणार नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, दक्षिणेला गोवा, उत्तरेला कोल्हापूरकरांचा मालवण, अशा जागी बसलेल्या माणसाला एकनिष्ठा परवडत नाही.

या राज्याचं पोट भरत होतं ते खाड्यांवर. वेंगुर्लं, रेडी, निवती ही नावं लक्षात ठेवा. यातलं वेंगुर्लं जुनं बंदर. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती, गोव्याला वेढा घालणाऱ्या त्यांच्या आरमाराला तिथून रसद जाई. त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. घाटावरून कापूस उतरायचा, खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची आणि त्या येण्याजाण्यावर जकात बसायची. समुद्रावर गाबीत तांडेलांची गलबतं. लढाऊ जहाजंही होती आणि ती परवाना नसलेली गलबतं धरायची.

इथे थोडं थांबतो, कारण इंग्रजी कागदांत या सगळ्याला सरसकट चांचेगिरी म्हटलेलं आहे आणि आपणही ते तसंच उचलतो. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर परवाना कोण देत नव्हतं? पोर्तुगीज देत होते, सिद्दी देत होता, आंग्रे देत होते आणि मुंबईचे इंग्रजही देत होते. ज्याचा परवाना नाही त्याचं गलबत धरायचं, हा प्रत्येकाचा रिवाज. वाडीकरांनी निव्वळ लूट केली नाही असं मी म्हणत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि पुढच्या दहा वर्षांत ती भरपूर झाली आणि तिचा फटका किनाऱ्यावरच्या गरीब व्यापाऱ्यालाही बसला. पण किनाऱ्यावर हक्क सांगणारे अनेक होते आणि त्यातल्या एकालाच बाकीच्यांचा हक्क संपवायचा होता, ही गोष्ट त्या कागदांच्या आड जाते.

हक्क संपला तो एका फटक्यात नाही. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रेडीचा यशवंतगड घेतला. पुढच्या वर्षी तह झाला, किल्ला परत मिळाला, पण दोन लाख रुपये द्यायचे ठरले. वाडीकरांकडे एवढी रोकड नव्हती. मग वेंगुर्लं तेरा वर्षांसाठी गहाण पडलं. स्वतःचं सगळ्यांत चांगलं बंदर, स्वतःचाच किल्ला सोडवण्यासाठी! १७७२ मध्ये इंग्रजांनी तिथे वखार घातली. मुदत सरल्यावर तंटा झाला आणि १७८० मध्ये वाडीकरांच्या माणसांनी ती वखार लुटली.

दक्षिणेकडून त्याच वेळी पोर्तुगीज सरकत होते. डिचोली आणि सत्तरी गेली, १७८८ मध्ये पेडणं गेलं. पेडणं तर कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून दिलेलं. मराठी राज्यं एकमेकांशी लढत होती आणि प्रत्येक लढाईचा खर्च किनाऱ्यातून फिटत होता. हे लिहिताना आपल्याला वाईट वाटतं, वाटायलाच हवं.

मोठे खेम सावंत १८०३ मध्ये निपुत्रिक वारले. नागपूरकरांचा कटक गेला तेच हे वर्ष, लक्षात घ्या. वारसाचा तंटा दोन वर्षं चालला. शेवटी राणी लक्ष्मीबाईंनी एक मूल दत्तक घेतलं, भाऊसाहेब. तीन वर्षांत त्या पोराचा अंथरुणातच गळा दाबून खून झाला. नंतर फोंड सावंत गादीवर आले. दरबाराची अशी दशा असताना बंदरांवर कोणाचाच वचक राहिला नव्हता. इंग्रजांना हवं ते कारण आयतं मिळालं. १८१२ मध्ये तह झाला. वेंगुर्लं कायमचं इंग्रजांचं झालं आणि सगळी लढाऊ जहाजं त्यांच्या स्वाधीन करायची, असं कलम पडलं. कोल्हापूरकरांचं मालवणही त्याच वर्षी गेलं. म्हणजे एका वर्षात दक्षिण कोकणची दोन मोठी बंदरं आणि दोन आरमारं संपली. पेशवाई बुडायला अजून सहा वर्षं होती. मराठी सत्ता १८१८ मध्ये संपली असं आपण शाळेत शिकतो. समुद्रावर ती त्याआधीच संपलेली होती.

पुढचा घाव १८१९ चा. फोंड सावंत वारले होते, गादीवर त्यांचा अज्ञान मुलगा, म्हणजे दुसरे, लहान खेम सावंत, आणि त्यांच्या वतीने राणी दुर्गाबाई कारभार पाहात होत्या. बाई करारी होत्या. पेशवाई बुडाल्यावरही त्या नमत नव्हत्या. फेब्रुवारी १८१९ मध्ये जनरल कीरच्या फौजेने आधी निवती घेतलं, मग रेडीवर तोफा लावल्या. यशवंतगड ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, जांभ्याचे प्रचंड तट, आत वाड्याच्या भिंती आणि त्या भिंतींना कवेत घेतलेली झाडांची मुळं. दगड कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं ते हात लावून पाहावं लागतं. तिथून खाडीचं तोंड दिसतं. गलबत आत येताना त्याच्यावर नजर ठेवायची, हेच त्या किल्ल्याचं काम होतं. १८१९ च्या तहात कर्ली नदीपासून पोर्तुगीजांच्या हद्दीपर्यंतचा सगळा किनारा इंग्रजांना दिला गेला.

इंग्रजी अमलातला सावंतवाडीचा नकाशा काढून बघा. सुमारे ९२५ चौरस मैलांचं संस्थान. पूर्वेला सह्याद्री, दक्षिणेला गोवा, आणि पश्चिमेला? पश्चिमेला समुद्र नाही. पश्चिमेला रत्नागिरी जिल्हा. किनाऱ्याला लागून एक अरुंद पट्टी इंग्रजांनी आपल्या जिल्ह्याला जोडून घेतलेली. सावंतवाडीहून वेंगुर्लं किती लांब? बैलगाडीने एका दिवसाची वाट. पण ती वाट चालून गेलात की राज्य बदलायचं. घर तुमच्या नावावर आणि विहीर शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर, असा तो प्रकार.

१८३८ मध्ये कारभारही गेला. खेम सावंत वयात आले, पण सरदारांवर त्यांचा ताबा राहिला नाही. पुंडावे झाले, कर्ज वाढलं, आणि राज्य चालवायला इंग्रजांनी घेतलं. जकातीचा हक्कही ठराविक वार्षिक रक्कम देऊन काढून घेतला. राजा राजवाड्यात आणि कारभार पोलिटिकल सुपरिंटेंडेंटकडे. नागपूरकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. १८१८ नंतर तिसरे रघुजी अज्ञान असताना रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने इथला कारभार असाच हाती घेतला होता. फरक इतकाच की इथे काही वर्षांनी तो राजाला परत मिळाला.

आता १८४४ च्या बंडाकडे येतो. ते कोल्हापुरात सुरू झालं. गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांच्या वंशपरंपरागत शिपायांच्या, जमिनींची व्यवस्था बदलून त्या मामलेदारांच्या हाताखाली आणल्या, तेव्हा सामानगड आणि भुदरगडच्या शिबंदीने गडाचे दरवाजे लावून घेतले. वणवा दक्षिणेला उतरला. वाडीचे मोठे सरदार फोंड सावंत तांबुळकर उठले आणि पाहता पाहता गादीचे वारस, अण्णासाहेब, त्यांना जाऊन मिळाले. युवराज स्वतः बंडात! राजवाड्यात वडील इंग्रजांच्या तनख्यावर, आणि मुलगा मनोहरगडावर.

मनोहर आणि मनसंतोष हे जोडगड सह्याद्रीच्या अगदी अंगाला चिकटलेले आहेत, भोवती दाट रान. जनरल डेलामोट आणि कर्नल औट्रम फौजा घेऊन आले. औट्रमने जंगलात पाठलाग चालवला. १८४५ च्या सुरुवातीला गड पडले, बंडवाले घाटाच्या कडेकडेने निसटून गोव्यात उतरले आणि पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला.

हे बंड कुठे झालं त्याकडे पाहा. सगळं डोंगरात. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या राज्याची लढाऊ जहाजं काढून घ्यावी लागली होती, त्या राज्याचं शेवटचं मोठं बंड सह्याद्रीच्या कुशीत लढलं गेलं, कारण लढायला तेवढीच जागा उरली होती. बंदर हाती असतं तर रसद आली असती, दारूगोळा आला असता, गलबतातून निसटता आलं असतं. इंग्रजांची स्वतःची रसद मात्र वेंगुर्ल्याला उतरू शकत होती. १८१२ च्या तहाची खरी किंमत १८४४ मध्ये मोजावी लागली, असं माझं मत आहे.

वेंगुर्लं पुढे इंग्रजांच्या हातात भरभराटलं, कारण बेळगावला त्यांची छावणी होती आणि तिचं बंदर हेच. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, तिथून आंबोलीचा घाट चढून बेळगाव, असा रस्ता झाला. रस्ता संस्थानातून गेला, पण बंदरावरचं उत्पन्न संस्थानाचं नव्हतं. मग १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याला रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचाही बाजार उतरला.

विसाव्या शतकातल्या बापूसाहेब महाराजांचं नाव वाडीत आजही आदराने घेतात. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात होते, १९२४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले, १९३७ मध्ये ते गेले. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटल्याचं वाडीकर अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्तच आहे. पण १९३० मधल्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाकडेही पाहा. शिरोडं सावंतवाडीहून हाकेच्या अंतरावर, पण त्या पट्टीतलं, म्हणून थेट इंग्रजी मुलखातलं. तिथल्या मिठागरांवर लोकांनी मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. जवळच्या गावातला चांगला राजा त्यात काहीही करू शकत नव्हता. मिठागर त्याचं नव्हतं, मिठाचा कायदा त्याचा नव्हता. चांगल्या राजालाही किती थोडं उरलं होतं, ते इथे कळतं.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, रत्नागिरी जिल्ह्यात गेलं आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी वाडी आणि वेंगुर्लं एका कारभाराखाली आली.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे की, मग नागपूर खालसा केलं आणि सावंतवाडी का सोडली? याचं सरळ उत्तर असं की खेम सावंत दीर्घायुषी निघाले. ते १८६७ पर्यंत जगले आणि तोवर संस्थानं खालसा करण्याचं डलहौसीचं धोरण मागे पडलं होतं. अलिबागच्या आंग्र्यांना ती सवड मिळाली नाही. त्यांचा वंश खुंटताच १८४० मध्ये कुलाबा खालसा झालं, डलहौसी येण्याच्या आठ वर्षं आधी. पण वाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. खालसा करून मिळणार काय होतं? नागपूरचा कापसाचा मुलूख मोठा होता, मँचेस्टरला तो हवा होता. वाडीकडे भातशेती, डोंगर आणि कर्ज. बंदरं, जकात, कारभार, हे सगळं आधीच हातात आलेलं. अण्णासाहेबांचा वारसा मान्य करतानाही इंग्रजांनी अट घातली ती पैशाची. बंड मोडण्याच्या खर्चापोटी रक्कम द्या, एका वर्षाच्या वसुलाइतका नजराणा द्या आणि सुपरिंटेंडेंटचा खर्च सोसा. ज्या बंडात ते स्वतः मनोहरगडावर होते, त्याचं बिल त्यांनीच भरायचं होतं, आणि ते संस्थानच्या रयतेच्या शेतसाऱ्यातून भरलं जाणार होतं, कारण जकातीचं दुसरं उत्पन्न त्यांच्याकडे उरलंच नव्हतं.