कातडीखालचा मणका

नमस्कार श्रोतेहो! बसल्या जागी एक करून बघा. दोन बोटं पाठीमागे नेऊन कमरेच्या मधोमध, मणक्याच्या उंचवट्यावर टेकवा आणि सावकाश पुढे वाका. बोटांखालची कातडी ताणते, हाडावरून सरकते. आज मला या सरकण्याबद्दलच बोलायचं आहे.

पाठ किती वाकते हे बघायला पूर्वापार सांगतात, "गुडघे न वाकवता जमिनीला हात लावा." यात फसगत होते. खुबे मोकळे असतील, तर ताठरलेल्या पाठीचा माणूसही हात लावून दाखवतो! म्हणून १९३७ साली शोबर या डॉक्टरांनी कमरेवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि वाकल्यावर ते अंतर किती वाढतं ते टेपनं मोजलं. मणके जखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये ही तपासणी, थोडी सुधारून, आजही करतात. पण टेपला दिसतं ते कातडीचं ताणणंच.

मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे शरीराची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपून मोजण्याच्या तंत्रात, टेपच्या जागी कॅमेरे येतात. पाठीवर वाटाण्याएवढे चकचकीत गोळे चिकटवतात. रस्त्यावरच्या पाट्यांसारखे ते प्रकाश आल्या वाटेनं परत धाडतात. भोवतालचे इन्फ्रारेड कॅमेरे सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त चित्रं टिपतात. एकच गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याची जागा कळते, आणि चांगल्या यंत्रणेत चूक मिलिमीटरपेक्षाही कमी.

पण ही अचूकता गोळ्याची झाली, मणक्याची नव्हे! कंबर पिळताना तिथला एकेक मणका शेजारच्यावर फिरतो जेमतेम दोन-तीन अंश. कातडी सरकल्यानं होणारी चूक सहज तेवढी भरते. १९६७ साली अमेरिकेत ग्रेगरसन आणि लुकास यांनी तर स्वयंसेवकांच्या मणक्यांत चक्क धातूच्या पिना रोवून हे फिरणं मोजलं. दवाखान्यात कोण रोवून घेईल? म्हणून आम्ही सुटा मणका सांगण्याच्या फंदात पडत नाही. छाती, कंबर आणि त्याखालचा पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, असे मोठे भाग धरतो आणि एकाच्या तुलनेत दुसरा किती हलला ते बघतो. खरंच पाठ वाकली की नुसते खुबे वाकले, हे तिथे लगेच उघडं पडतं.

नव्या विद्यार्थ्यांना मी कॅमेऱ्याला हात लावू देत नाही. आधी स्केचपेन. माणूस ताठ उभा असताना मणका चाचपून ठिपका द्यायचा. मग त्याला वाकायला सांगून तोच मणका पुन्हा चाचपायचा आणि दुसरा ठिपका द्यायचा. दोन ठिपके एका जागी येत नाहीत. मधलं अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहायचं, मग गोळे चिकटवायचे.